बाहेर बांधलेला कर्णा

शनिवार, सकाळी साडेअकरा. पन्हाळ्याच्या पायथ्याचं एक सभागृह. महिला सरपंचांच्या निवासी शिबिराचा पहिला दिवस. दार आतून बंद. आत एकवीस बायका, बाहेर चिंचेखाली त्यांना सोडायला आलेले आणि परत न गेलेले नवरे.

मी त्या सभागृहातला माईक बोलतोय. बोलणं हेच माझं काम, पण आज बोलायची लाज वाटते.

गुंडू मंडपवाल्याच्या सामानात मी बारा वर्षं आहे. प्रचारसभा पाहिल्या, कुस्तीची मैदानं पाहिली. बाई सरपंच झाली तरी सत्काराला उत्तर नवराच देतो आणि बाई शेजारी पदर सावरत बसते. मी कधी साधा खरखरलोसुद्धा नाही.

त्या दिवशी शिबिर घेणाऱ्या संघप्रियाताईंनी आधीच सांगितलं, "इथलं बोलणं दाराबाहेर जाणार नाही. रडायचंय त्यांनी रडा, शिव्या द्यायच्यात त्यांनी द्या."

गारगोटीजवळच्या एका गावची तरुण सरपंच क्रांती शेवटी उठली. तिनं मला दोन्ही हातांनी धरलं. 

"सभेचे ठराव लिहितात त्या प्रोसिडिंग वहीच्या कोऱ्या पानावर माझी सही घेतली. उपसरपंच विजयसिंह म्हणाले, वैनी, तुमी निस्ती सही करा, मजकूर आमी बघतो. नंतर वाचलं, तर शाळेमागचं मैदान त्यांच्या पुतण्याच्या गोदामाला दिलंय. खाली सही माझी. घरात सांगितलं तर गप बस म्हणाले."

पेठ वडगावकडच्या शेवंताबाई म्हणाल्या, "कोऱ्यावर सही म्या बी केलती की. दोन वर्सं. कुणाला बोलले न्हाय, लाज वाटायची."

"आणि कुणी कुणी केलीय?" जयसिंगपूरजवळच्या मोनाताईंनी विचारलं.

चौदा हात वर गेले. बायका एकमेकींचे हात बघत राहिल्या.

"मंगळवारी ग्रामसभा हाय," क्रांती म्हणाली. "ती वही सगळ्यांसमोर उघडायची हाय. एकटीला जमंल का, ठाऊक न्हाय."

"एकटी कशानं? आमी येतो की, म्होरं बसतो. तू फकस्त वाच," शेवंताबाई म्हणाल्या. "आमच्या मालकास्नी वाटंल, शिबिर लांबलं."

हसण्यानं सभागृह भरलं. बारा वर्षांत इतकं मोकळं हसू माझ्यातून गेलं नव्हतं.

पण ते बाहेरही गेलं होतं. गुंडूनं नेहमीसारखा एक कर्णा बाहेर चिंचेला बांधला होता. कर्णा बाहेर वाजल्याशिवाय आपल्याकडे कार्यक्रम झाल्यासारखा वाटतच नाही. दार उघडलं तेव्हा चिंचेखालचे नवरे कर्ण्याकडे तोंड करून बसले होते. क्रांतीचा नवरा ऋतुराज तेवढा फोनवर होता. "विजूदादा, आधी वही बघा."

"गुंड्या, ह्यो कर्णा कुणी बांधाय सांगितलता?" शेवंताबाईंनी विचारलं.

"कुणी न्हाय, मावशी. दरवेळी बांधतोय की."

गुंडू मान खाली घालून दोर सोडत होता. शब्द मात्र माझ्यातून गेले होते. विश्वासानं हातात धरणाऱ्या बाईला मीच उघडं पाडलं.

मंगळवारच्या ग्रामसभेलाही गुंडूनं मलाच पाठवलं. पुढच्या रांगेत एकोणीस परगावच्या बायका बसल्या होत्या. "हे पावणं कुठलं?" असं मागून कुणीतरी खवचटपणे विचारलं. "सरपंचाच्या माहेरचं," मोनाताई म्हणाल्या.

क्रांतीनं वही मागितली. ग्रामसेवकानं कपाट उघडलं. वही नव्हती.

क्रांतीनं मला हातात घेतलं. या खेपेला एकाच हातात. "वाचाय वही न्हाय. मग मीच सांगतो. न वाचता सही केली, ही माझी चूक. मैदान देणाऱ्यांनी आपली सांगावी." विजयसिंह आपल्या चपलांकडे बघत बसले. ऋतुराज आलाच नव्हता.

सध्या मी गुंडूच्या पेटीत आहे. शिबिरं भरवणाऱ्यांना एकच विनंती, मला नेऊ नका. एकवीस बायका गोल करून बसल्या तर आवाज पोचतो. आणि त्यांना तेवढाच पोचायला हवा असतो.

कपाटाचं कुलूप शाबूत होतं. त्याच्या किल्ल्या दोन. एक ग्रामसेवकाकडे, दुसरी विजयसिंहांकडे. वही कुणी नेली, हे क्रांतीनं दोघांनाही लेखी विचारलं आहे. त्याला आज त्रेचाळीस दिवस झाले.