पुढच्या मालकाची गाडी

सिस्टरच्या कमरेतली चकती सरकल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा तिच्या नवऱ्याने पहिला प्रश्न विचारला, "किती टक्के?"

डॉक्टरांना कळेना. "किती टक्के म्हणजे?"

"म्हणजे मूळच्या मानाने आता कंबर किती टक्के उरली?"

माणूस वाईट नव्हता. धंदाच तसा होता. अपघातात ठोकलेल्या गाड्या बघून विमा कंपनीने किती भरपाई द्यायची, हे ठरवणारा तो सर्व्हेअर. गाडीवाला रडत उभा असायचा आणि हा चेपलेल्या दारावरून बोट फिरवत म्हणायचा, दार तुटलं खरं, पण ते जुनं होतं, त्याची अर्धी किंमत तुटायच्या आधीच गेली होती. वस्तू वापरली की किंमत उतरते, त्याला हिशेबाच्या भाषेत घसारा म्हणतात. ऑफिसात लोक त्यालाच घसारा म्हणायचे. आपल्याला पदवी दिली आहे अशा थाटात तो ते नाव मिरवायचा.

घरात त्याने कशाचंही प्लॅस्टिक काढू दिलं नव्हतं. सोफ्याचं नाही, गादीचं नाही. रिमोट पिशवीत, पिशवीला रबरबँड. रात्री कुशीवर वळावं तर गादी अशी करकरायची की शेजारचे भिंतीवर थाप मारायचे. या सगळ्याला तो काटकसर म्हणायचा. वस्तू घ्यायची, तिला हात लावायचा नाही आणि कुणा तिऱ्हाइताने येऊन "अगदी नव्यासारखी आहे" म्हणावं म्हणून जन्मभर ताटकळत बसायचं, याला काटकसर म्हणत असतील तर मूर्खपणा कशाला म्हणतात ते कुणीतरी सांगावं.

सिस्टर हाडांच्या वॉर्डात नर्स. अर्धं आयुष्य तिने प्लास्टरमधली माणसं उचलली, वळवली, बसवली. सेवाभाव वगैरे भाषणातल्या गोष्टी. तिला ते काम येत होतं, झकास येत होतं, आणि येणारं काम हातातून गेलं की माणसाचं काय होतं हे ती रोज खाटांवर बघत होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "तुमची ती बुटकी गाडी आधी सोडा. रोज विहिरीत उतरल्यासारख्या आत जाता आणि विहिरीतून निघाल्यासारख्या बाहेर येता. असंच चालू ठेवलंत तर ऑपरेशन. ऑपरेशननंतर वॉर्ड बंद. खाली खिडकीत बसून पावत्या फाडायच्या."

हॉस्पिटल गावाच्या दुसऱ्या टोकाला. बसने जायचं तर उभ्याने धक्के खात. म्हणून गाडी. हौस नव्हती, कंबर होती.

सगळं बघून, विचारून दोन गाड्यांवर गोष्ट आली. दोन्ही मधल्या आकाराच्या एसयूव्ही, एकाच शोरूममध्ये शेजारी शेजारी उभ्या. एक राखाडी, एक पांढरी. राखाडीची शोरूमवाल्यांनी फिरवून दाखवायला ठेवलेली गाडी गेटजवळ होती. सिस्टर तिच्यात चढली तर चढावंच लागलं नाही. सीट बरोबर तिच्या ढुंगणाच्या उंचीवर. आडवं बसायचं, पाय आत घ्यायचे, झालं. पाठीला मागून कुणीतरी हात दिल्यासारखा आधार. पहिला गतिरोधक आला, दुसरा आला. ती गप्प.

"काय झालं?" घसाऱ्याने मागून विचारलं.

"काही नाही. काही होत नाहीये, तेच बघतेय."

मग पांढरी. सीट म्हणजे सरकारी ऑफिसातलं बाकडं. पहिल्याच गतिरोधकाला कमरेतून निघालेली कळ टाचेपर्यंत गेली.

"पण ॲव्हरेज बघ," घसारा म्हणाला. "राखाडीपेक्षा कितीतरी जास्त देते."

"ॲव्हरेज काय कमरेला बांधू?"

तेवढ्यात शोरूममधली ताई, चुणचुणीत पोरगी, बिचारी नको तिथे बोलली. "पांढरीला रीसेलपण चांगला आहे हं सर. पाच वर्षांनी विकायला काढलीत तरी लोक रांग लावतील."

रीसेल हा शब्द ऐकून घसाऱ्याचे डोळे भरून आले. लग्नात आले नव्हते.

परत येताना तो विचारात बुडालेला. जेवायला बसला तेव्हा त्याचं ठरलं होतं. रांग लागेल हा अंदाज झाला, आणि सर्व्हेअर अंदाजावर जात नाही. पाच वर्षांनी गाडी जो घेणार तो माणूस आत्ता कुठेतरी आहेच ना? खातोय, पितोय, हिंडतोय. मग त्याला आत्ताच का शोधू नये? त्यालाच विचारू, बाबा रे, तुला कुठली हवी? तीच आपण घेऊ. तोट्याला जागाच नाही.

"म्हणजे गाडी घ्यायच्या आधी विकायची," सिस्टर म्हणाली.

"बघ, तुला पटकन कळलं."

"कळलं नाही. ऐकू आलं."

पण घसारा हट्टाला पेटला की रेड्यासारखा. आठवड्याभरात त्याने पुढचा मालक पैदा केला. नळ आणि पाइप विकणारा दुकानदार, सगळे त्याला नळवाले म्हणायचे. या माणसाने जन्मात नवी वस्तू घेतली नव्हती. घर जुनं, स्कूटर जुनी, चष्म्याची फ्रेम जुनी. हसला की वाटायचं, दातही दुसऱ्याच्या मापाचे असावेत.

नळवाले आले, सोफ्यावर बसले, प्लॅस्टिक करकरलं. त्यांचा चेहरा खुलला. "कव्हर ठेवलंय. चांगल्या घरातली माणसं दिसता."

मग अटी सुरू झाल्या. पांढरीच घ्यायची. गाडीत खायचं नाही. ओली छत्री आणायची नाही. मागच्या सीटवर कुणी बसायचं नाही, तिथे त्यांची सासू बसणार होती आणि सासूला दुसऱ्याने बसलेली जागा चालत नव्हती. घसारा मान डोलवत होता. मुलीचा बाप स्थळापुढे डोलवतो तशी.

सिस्टर पाणी ठेवून समोरच्या खुर्चीवर बसली. नळवाल्यांनी तिच्याकडे निरखून पाहिलं.

"वहिनी, जरा उठून परत बसता?"

ती चकितच झाली. पण उठली आणि बसली.

"झुकतात," नळवाले घसाऱ्याला म्हणाले. "डावीकडे."

"कंबर दुखते माझी," सिस्टर म्हणाली.

"दुखू दे हो, दुखण्याला माझी ना नाही. पण तुम्हीच चालवणार ना? पाच वर्षं रोज डावीकडे भार पडणार, ड्रायव्हरची सीट डावीकडे दबणार. आम्ही सगळी सरळ बसणारी माणसं. आम्ही काय करायचं?"

घसाऱ्याने डोळे बारीक केले, बायकोकडे चेपलेल्या दाराकडे बघावं तसं बघितलं आणि म्हणाला, "मुद्दा आहे."

"मग उभ्याने चालवू?"

"तसं नाही, वहिनी. दुसऱ्या कुणी चालवावी आणि तुम्ही मागे…"

"मागे तुमची सासू आहे ना."

"हो, खरंच की," नळवाले म्हणाले आणि मनापासून कोड्यात पडले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातून पाइप सरळ बसला की नाही ते बघायची पट्टी पाठवून दिली, ती काचेच्या नळीत बुडबुडा असलेली. रोज संध्याकाळी घसारा सिस्टरला खुर्चीवर बसवायचा आणि ती पट्टी तिच्या खांद्यांवर आडवी ठेवायचा. बुडबुडा पळायचा उजव्या कोपऱ्यात. "जरा वर घे डावा. अजून. श्वास सोडू नकोस." जी बाई अख्खा दिवस परक्या माणसांची हाडं जागेवर ठेवून यायची, ती घरी येऊन बुडबुड्यासाठी श्वास धरून बसायची. पहिले दोन दिवस तिने केलं. राग येत नव्हता असं नाही, पण वॉर्डात भ्रमिष्ट रोग्यांशी वाद घालायचा नसतो हे तिला सवयीने माहीत होतं. तिसऱ्या दिवशी खांदा वर घेताना अशी कळ आली की ती खुर्चीवरून जमिनीवर उतरली आणि तिथेच पडून राहिली.

घसारा वाकला. क्षणभर त्याचा चेहरा खरोखर घाबरला. मग तो म्हणाला, "आता मात्र बुडबुडा मधोमध आहे."

सिस्टरने पट्टी घेतली आणि खिडकीतून बाहेर फेकली. खाली कुणीतरी शिव्या दिल्या. त्या शिव्या ऐकून तिला बरं वाटलं. निदान एक माणूस तरी शुद्धीवर होता.

"रविवारी गाडी बुक करायची," ती जमिनीवरूनच म्हणाली. "ते नळवाले येवोत, नाहीतर त्यांची सासू. सोमवारपासून मी त्या विहिरीत उतरणार नाही."

रविवारी शोरूममध्ये नळवाले आले, पण एकटे नाही. सोबत त्यांचा साडू होता. ड्रायव्हिंग स्कूल चालवणारा. नळवाले ती गाडी सात वर्षं वापरून या साडूला विकणार होते. म्हणजे तो पुढच्याचा पुढचा मालक. आणि साडूनेही कच्चं काम केलं नव्हतं. शिकाऊ पोरांनी भिंतीवर आपटून आपटून गाडीचा चेंदा केला की ती जो घेणार, तो भंगारवालाही त्याने धरून आणला होता. भंगारवाला आल्या आल्या बोटाच्या पेराने दोन्ही गाड्यांवर टकटक करून कान लावत हिंडायला लागला.

"वहिनी, तुम्ही थांबा जरा, आम्ही बसून ठरवतो," नळवाले म्हणाले, आणि चौघेही पांढऱ्या गाडीत शिरले. काचा वर केल्या. एसी लावला.

सिस्टर बाहेर उभी. आतला आवाज येत नव्हता, हातवारे दिसत होते. साडू काहीतरी कडकडून मोडल्याची खूण करत होता. घसारा कपाळाला हात लावून बसला होता. मग भंगारवाला बाहेर थुंकायला आला तेव्हा भांडण कळलं. त्याला राखाडी हवी होती. जड होती म्हणून. लोखंड जास्त. शेवटचा मालक तोच, तर शब्द त्याचाच चालला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. आणि त्यात तर्कही होता, हेच भयंकर होतं.

"मॅडम, बसा ना," ताई जवळ येऊन म्हणाली. तिथला सोफा बुटका होता.

"बसले तर उठवायला दोघं लागतील."

ताईने पांढऱ्या गाडीकडे पाहिलं. "गाडी नेमकी कुणासाठी आहे हो?"

"ते आत ठरतंय."

हे बोलली आणि तिचं तिलाच ऐकू आलं. तिने जाऊन काचेवर टकटक केलं. काच खाली झाली, गार हवा बाहेर आली.

"एकच विचारते," ती म्हणाली. "तुमच्यापैकी गाडीत बसायचं कुणाला आहे?"

चौघे एकमेकांकडे बघायला लागले. प्रश्न नवा होता.

"बसायचं म्हणजे, वहिनी," नळवाले समजुतीच्या सुरात म्हणाले, "बसलं की किंमत उतरते."

"बरं," सिस्टर म्हणाली, आणि काच वर करायची खूण केली.

ती ताईकडे वळली. "ती गेटजवळची राखाडी. तीच देता का? मी चालवून बघितलेली."

"ती दाखवायची गाडी आहे, मॅडम. बदलायला आलीय, त्यामुळे विकूही कदाचित, पण…" ताई अडखळली. "शेकडो लोक बसून गेलेत हो तिच्यात."

"डावीकडे झुकणारे?"

"सगळीकडे झुकणारे."

"मग माझ्याने आणखी काय दबणार आहे. साहेबांना विचारून या."

साहेबांना गाडी खपल्याशी मतलब. कर्ज सिस्टरच्या पगारावर, सही सिस्टरची. सही करताना ती टेबलाला रेलून उभी होती, त्यामुळे सही वाकडी आली. कुणी हरकत घेतली नाही.

घसाऱ्याला कळलं तेव्हा तो गाडीतून उडी मारूनच बाहेर आला. "अगं, ती वापरलेली आहे."

"मीही."

"तिला रीसेल नाही काही. शून्य. पाच वर्षांनी कोण घेणार तिला?"

"पाच वर्षांनी मला कोण घेणार आहे ते आधी सांग."

तो सर्व्हेअर होता, उत्तर त्याला माहीत होतं, पण देण्याची छाती झाली नाही. आयुष्यात एवढं शहाणपण त्याने पहिल्यांदाच दाखवलं.

पांढरी गाडी त्या तिघांपैकीही कुणी घेतली नाही. आधी नळवाल्यांनी साडूला आग्रह केला, मग साडूने नळवाल्यांना. दुसरा मालक व्हायला दोघे एका पायावर तयार होते, पहिला कुणालाच व्हायचं नव्हतं. भंगारवाला तेवढा ताईला स्वतःचा नंबर देऊन गेला, दोन्ही गाड्यांसाठी.

सोमवारी नाही, पण कागदपत्रं झाल्यावर त्या आठवड्यात सिस्टर राखाडी घेऊन कामावर निघाली. घसाऱ्याला वाटेत उतरायचं होतं. तो शेजारी बसला, पण पाठ न टेकता, सीटच्या कडेवर, जणू गाडी पाहुण्यांची आहे. पहिल्या गतिरोधकाला त्याचे गुडघे पुढे आपटले.

"टेक," सिस्टर म्हणाली.

"राहू दे. बरा आहे."

दुसऱ्या गतिरोधकाला पुन्हा आपटले. तिने त्याच्याकडे न बघता हात लांब केला, रोग्याला उशीवर टेकवावं तसा त्याच्या छातीवर ठेवला आणि मागे ढकललं. तो टेकला. थोडा वेळ अंग ताठ धरून होता. मग सोडलं. त्याच्या उतरायच्या जागेवरून गाडी पुढे गेली. तो पाठ टेकूनच बसून राहिला.

हॉस्पिटलच्या गेटवर वॉचमन म्हणाला, "नवी गाडी का, सिस्टर?"

"जुनी आहे," ती म्हणाली. दोन्ही पाय एकदम जमिनीवर टेकवले आणि दाराला न धरता उभी राहिली. वर वॉर्डात मांडीपर्यंत प्लास्टर घातलेला एक धिप्पाड माणूस कुशीवर वळवायचा होता, आणि दुसरी नर्स त्याच्या खाटेच्या एका बाजूला तिची वाट बघत थांबली होती.