तड्याचं टोक

"सर, ऊपर से एक और प्लेट चढ़ा देते हैं. किसको दिखेगा?"

गाडीखाली पुठ्ठ्यावर उताणे पडलेल्या सूर्यकांतांनी हातोडी पुन्हा लोखंडावर मारली. टण्ण. वीतभर सरकून पुन्हा मारली. टण्ण. तिसऱ्यांदा आवाज बसका आला, फुटक्या कपावर चमचा वाजवावा तसा.

"ये मैंने सिखाया था तुझे?" ते खालूनच म्हणाले.

"नहीं सर." हरीश खाली वाकला. पोट आडवं आल्यामुळे त्याला ते नीट जमलं नाही. "आपने तो इसी बात पे मुझे धूप में खड़ा किया था."

"कभी नहीं किया. झूठ मत बोल."

"अच्छा, नहीं किया. लेकिन मैं डरा तो था ना."

हरीश आता पन्नाशीचा होता. नोएडाच्या एका सेक्टरमध्ये बस-टेम्पोच्या बॉड्या बनवणारं त्याचं स्वतःचं वर्कशॉप होतं. सूर्यकांत दिल्लीच्या एका आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवायचे, तेव्हाचा तो पहिल्या काही बॅचेसमधला विद्यार्थी. सर रिटायर होऊन चौदा वर्षं झाली होती, तरी वर्कशॉपमध्ये सर आले की हरीश तोंडातला गुटखा थुंकून यायचा.

सूर्यकांतांनी बॅटरीचा उजेड पुढे सरकवला. चासी म्हणजे गाडीचा कणा. दोन लांब लोखंडी तुळया आणि त्यांना बांधून ठेवणारे आडवे तुकडे. वरचं घर कितीही सजवा, सगळं वजन शेवटी या दोन तुळयांवर येतं. डावीकडच्या तुळईवर, मागच्या चाकाच्या जरा पुढे, एक चौकोनी प्लेट जोडलेली होती. कडा सरळ कापलेल्या, तिरप्या नाहीत. सरळ कडेपाशी सगळा ताण एका रेषेवर येतो, हे तिथे कोणी पाळलं नव्हतं. जोडाची रेघ कुठे जाड, कुठे बारीक, मध्येच थांबलेली, पुन्हा सुरू केलेली. पहिलीतल्या मुलाने दोन रेघांमध्ये अक्षर बसवायचा प्रयत्न करावा तशी.

"ये किसने किया है?" त्यांनी विचारलं. विचारता विचारताच त्यांना उत्तर कळलं.

हरीशने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. "मानस भैया ने. यहीं किया था, मेरी मशीन पे. मैंने बोला था सर को बुलाते हैं. बोले, नहीं, पापा को मत बताना."

गाडी म्हणजे एका शाळेची जुनी मिनीबस होती. मानसने, सूर्यकांतांच्या एकुलत्या एका मुलाने, सहा वर्षांपूर्वी ती विकत घेतली. सीटा काढल्या. आत दोघांचा एक पलंग, एकट्याने झोपायचा एक वेगळा बंक, छोटा ओटा, सिंक, आणि मागे दोनशे लिटरची पाण्याची टाकी. त्या टाकीच्या वजनाने वर्षभरात डाव्या तुळईला बारीक तडा गेला, आणि टाकीच गळत असल्यामुळे तिथे गंजही धरला. एका शनिवारी मानस मयूर विहारला आई-वडिलांकडे जेवायला आला, तेव्हा भात कालवता कालवता म्हणाला, "बाबा, एक रविवार काढाल का? तुमच्या हातचा जोड हवाय."

"भंगाराला मी हात लावत नाही," सूर्यकांत म्हणाले होते.

त्याच महिन्यात मानस नोकरी सोडायच्या गोष्टी करत होता. वर्षभर फिरू म्हणत होता. आपण हात लावला नाही तर गाडी जागेवर उभी राहील आणि पोरगा मुकाट्याने ऑफिसला जाईल, असं सूर्यकांतांना वाटलं. वर्गात त्यांनी असं कधी केलं नव्हतं. रॉड धरताना हात थरथरणाऱ्या पोराचं मनगट धरून त्यांनी चाळीस-चाळीस वेळा तीच रेघ मारून घेतली होती. लोकांच्या पोरांसाठी त्यांच्याकडे धीर होता. आपल्या पोरासाठी एक वाक्य.

मानसने नोकरी सोडली नाही. पण गाडीही थांबली नाही. लॅन्सडाउन झालं, चकराता झालं, एकदा तर तो बायको-मुलीला घेऊन पार हिमालयात स्पितीपर्यंत जाऊन आला. निघायच्या आधी दर वेळी फोन यायचा. "बाबा, मागचा बंक रिकामा आहे हं."

"तुमचं चालू द्या."

मयूर विहारच्या त्यांच्या सोसायटीच्या गेटमध्ये एक स्पीडब्रेकर आहे. त्यावरून मागची चाकं उतरली की ती गाडी कर्र करून ओरडायची. तिसऱ्या मजल्यावर सूर्यकांतांच्या बायकोला, कुमुदताईंना, काचबिंदूमुळे फारसं दिसत नसे, पण कान तीक्ष्ण होते. "आला मानस," म्हणायच्या आणि आधण ठेवायला उठायच्या. त्याच आवाजात सूर्यकांतांना वेगळंच ऐकू यायचं. "ऐकलंस? मोडणार एक दिवस ती," ते म्हणायचे.

मोडली नाही. दोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीतल्या एका सकाळी, ऑफिसच्या खुर्चीत मानसच मान टाकून गेला. एक्केचाळीस वर्षांचा होता.

त्यानंतरही गाडी अधूनमधून यायची. चेतना, त्यांची सून, शनिवारी नातीला, अवनीला, घेऊन तीच आणायची. कर्र झालं की कुमुदताई आता काही म्हणत नसत. पण उठायच्या आणि आधण ठेवायच्या.

आता चेतनाला साताऱ्याच्या एका कॉलेजात नोकरी लागली होती. माहेर तिथलंच. गाडीला पुढच्या महिन्यात दहा वर्षं पूर्ण होत होती, आणि दहा वर्षांपुढची डिझेल गाडी दिल्लीत चालवता येत नाही. चेतनाने बाहेरच्या राज्यात न्यायचा कागद मिळवला आणि सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, मीच चालवत नेते. तेवढी चासी बघाल?"

या वेळी सूर्यकांतांनी नाही म्हटलं नाही.

चासी तपासून झाली तेव्हा दुपारी ती डबा घेऊन वर्कशॉपवर आली. "आईंनी थालीपीठं दिलीत. दोघांना पुरतील म्हणाल्या. हरीशजी, आप भी."

हरीशने दोन घेतली आणि समजून दूर जाऊन बसला. बाकड्यावर सासरा-सून उरले.

"काय म्हणतेय गाडी?"

"म्हणतेय काहीतरी." सूर्यकांतांनी घास तोडला, पण तोंडात घातला नाही. "अवनी कुठे झोपते गं गाडीत?"

"आमच्यातच झोपायची. आता मोठी झाली ना, नऊची. म्हणते, या वेळी मागचा बंक माझा." चेतना थोडी हसली. "तो तुमच्यासाठी ठेवला होता. मानस कोणाला चढू द्यायचा नाही त्यावर. सामानसुद्धा नाही. मी चिडायची, एवढी जागा वाया. म्हणायचा, बाबा आले तर?"

मागचा बंक टाकीच्या बाजूला होता. बरोबर त्या जोडाच्या वर.

सूर्यकांतांनी घास डब्यात परत ठेवला. "चेतना, खाली त्याने मारलेला एक जोड आहे. तो काढावा लागेल."

तिने विचारलं नाही, कोणी. ती उठली, ओढणी कमरेला बांधली आणि सरळ पुठ्ठ्यावर झोपून गाडीखाली गेली. बाहेर फक्त तिच्या चपला दिसत होत्या. खूप वेळाने आवाज आला, "किती वाकडा आहे हो."

"हो."

"त्या दिवशी घरी आला तर डोळे लालभडक. मी म्हटलं, रडलास की काय? म्हणाला, वेल्डिंगची काच न लावता बघत बसलो. रात्रभर डोळ्यांवर बटाट्याचे काप ठेवले मी. म्हणाला, बाबांना सांगू नको. नीट शिकतो आणि एक दिवस त्यांच्यासमोर मारून दाखवतो."

सूर्यकांत गुडघ्यावर हात ठेवून बसले होते. समोर रस्त्यावरून ई-रिक्षा गेली, तिच्यातलं गाणं लांब जाईपर्यंत ते तसेच बसले.

चेतना बाहेर आली. केसांना माती लागली होती. "नाहीच राहू शकत का तो? बिल्कुलच नाही?"

"पाच वर्षं धरलं त्याने. मला वाटलं होतं पाच महिने धरणार नाही." त्यांनी हातोडी उचलून बाकड्याखाली ठेवली. "पण तुम्ही दोघी वर बसणार. सातारा पंधराशे किलोमीटर आहे. पुढेही धरेल असं मी म्हणू शकत नाही गं."

"मग काढा बाबा." तिने डब्याची झाकणं लावली. एक झाकण उलटं बसलं, ते तिने तसंच राहू दिलं. "फक्त मी इथे थांबत नाही."

ती गेल्यावर हरीशने गुपचूप लोखंड घासायचा ग्राइंडर उचलला. "सर, आप बाहर बैठो. मैं कर देता हूं."

"ला इधर."

त्यांनी चष्म्यावर काच ओढली आणि ग्राइंडर जोडाच्या रेघेवर टेकवला. ठिणग्या दाढीवर, सदऱ्यावर उडत होत्या. आधी जिथे रेघ जाड होती तो भाग गेला. मग मानस थांबला होता ती जागा. मग त्याने पुन्हा सुरू केलं होतं ती. बाहत्तर वर्षांचा हात मुळीच हलला नाही, आणि त्याचाच त्यांना राग आला. दहा मिनिटांत प्लेट सुटून पुठ्ठ्यावर पडली.

त्यांनी तडा फडक्याने पुसला आणि हात थांबला.

तड्याच्या टोकाला एक भोक होतं. मुगाच्या दाण्याएवढं, गोल, सुबक.

मानस सात वर्षांचा असताना एका संध्याकाळी त्यांनी त्याला जेवणाच्या टेबलावर एक गंमत दाखवली होती. कागद थोडासा फाडला. "आता दोन्हीकडून ओढ." कागद टर्रकन फाटत गेला. मग दुसरा कागद फाडला आणि फाटलेल्या टोकाला पंचने भोक पाडलं. "आता ओढ." फाटणं भोकापाशी येऊन थांबलं. "बघ, तडा टोकाने पुढे जातो. टोकच गोल करून टाकलं की त्याला जायला जागा राहत नाही. लोखंडाचंही असंच."

"पण लोखंडाचं टोक कसं सापडतं, बाबा?"

"ते अवघड असतं. डोळ्याला दिसतं त्याच्या पुढे असतं ते. मोठा झालास की शिकवीन."

पोराने अर्धा धडा तीस-एकतीस वर्षं जपून ठेवला होता.

"हरीश, चॉक है?"

हरीशने माप आखायचा खडू आणून दिला. सूर्यकांतांनी डिझेलमध्ये भिजवलेला बोळा तुळईवर फिरवला आणि पाव तास वाट पाहिली. मग लोखंड कोरडं पुसून खडूची पूड फासली. थोड्या वेळात पांढऱ्या पुडीतून एक ओली, केसासारखी रेघ वर आली. तड्यात मुरलेलं डिझेल बाहेर येत होतं. रेघ मानसच्या भोकापर्यंत आली, भोक ओलांडून दोन बोटं पुढे गेली आणि तिथे संपली.

दोन बोटं. एका रविवारचं काम.

"हे बघ," सूर्यकांत मराठीत म्हणाले. वर्गात म्हणायचे तसं, सावकाश, समोरच्याला वेळ देत. "इथे आहे टोक."

हरीशला मराठी येत नव्हतं. तो हात धुवायला म्हणून नळापाशी गेला आणि नळ न सोडताच तिथे उभा राहिला.

त्यांनी खऱ्या टोकाला भोक पाडलं. तडा खरवडून भरला. गंजका भाग कापून नवा तुकडा बसवला. नवी प्लेट कापली, टोकं तिरपी ठेवली. मग बोटभर जोड इकडे, बोटभर तिकडे, मध्ये लोखंड निवू देत, तीन दिवस काम केलं. घाई केली की लोखंड ओढलं जातं. टाकी मागून काढून पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये घेतली. शेवटी काळा रंग मारला. जोडाची रेघ एकसारखी, नाण्यांची चळत आडवी पाडावी तशी आली होती. हरीशने फोनवर फोटो काढला. "सर, ऐसा अब कोई नहीं मारता."

"पुरानी प्लेट कहां है?"

"कबाड़ में डाली है. निकाल दूं?"

सूर्यकांतांनी ढिगाकडे पाहिलं. "नहीं. रहने दे." ज्यात मानसचा हात होता ती रेघ प्लेटवर राहिलीच नव्हती. ती काळी पूड होऊन जमिनीवर पडली होती. तेवढा कोपरा हरीशने तीन दिवस कोणाला झाडू दिला नव्हता.

शनिवारी रात्री, कुमुदताई झोपल्यावर, सूर्यकांतांनी गाडी सोसायटीत आणून लावली. रविवारी सकाळी चेतना आणि अवनी निघाल्या. वर जाऊन कुमुदताईंच्या पाया पडून आल्या. चेतनाने सूर्यकांतांना विचारलं, "बाबा, चला ना. आईंनाही घेऊ. खरंच."

"हिचे डोळ्यांचे डॉक्टर इथे आहेत. येऊ दिवाळीत. ट्रेनने."

मागच्या खिडकीतून अवनीने डोकं बाहेर काढलं. "आबा! तुमचा बंक मी घेतला. चलेगा ना?"

"पळेल! पाय पसरून झोप. आणि डोकं आत घे आधी."

गाडी निघाली. गेटपाशी मंद झाली. पुढची चाकं स्पीडब्रेकरवर चढली, उतरली. मागची चढली. सूर्यकांतांनी नकळत श्वास धरला. मागची चाकं उतरली. गार्डने सलाम ठोकला, गाडी डावीकडे वळली आणि मेट्रोच्या खांबांआड गेली.

ते जिना चढून वर आले. कुमुदताई बाल्कनीत खुर्चीवर होत्या, गेटकडे कान करून.

"किती वेळ लावतायत या दोघी," त्या म्हणाल्या. "ऊन होईल ना रस्त्यात."

"गेल्या."

"गेल्या कशा? मी इथेच बसलेय. आवाज नाही आला."

सूर्यकांत शेजारच्या खुर्चीवर बसले. खाली वॉचमन गेट लावत होता. कुमुदताईंनी मान किंचित वळवली, मग पुन्हा होती तशी ठेवली. त्यांना कळायला थोडा वेळ लागला.

"म्हणजे आता तो आवाज कधीच यायचा नाही," त्या म्हणाल्या.

"नाही," सूर्यकांत म्हणाले. "नीट जोडलंय मी."

आत गॅसवर आधण उकळत होतं. बराच वेळ दोघांपैकी कोणी उठलं नाही.