पालथा कप

सेट पाहताच ताई दारातच थबकल्या. खोली हुबेहूब उतरली होती, आणि नेमकं तेच त्यांना नको होतं.

भिंतींचा तो आजारी पिवळा रंग, खिडकीला दुहेरी पडदे, गोल टेबलावर हिरवं कापड, दाराशी चपलांचा रॅक. बारा वर्षांपूर्वी ज्या भाड्याच्या खोलीत ताई चोरून पोकरची बैठक चालवायच्या, ती खोली सिनेमावाल्यांनी एका गोदामात प्लायवूडवर उभी केली होती. छत तेवढं नव्हतं. वर बघितलं की दिवे आणि लोंबणाऱ्या वायरी.

ताईंच्या आयुष्यावर सिनेमा निघत होता. जिने आठ वर्षं जुगार चालवला आणि दीड वर्ष तुरुंगात काढलं, तिच्यावर सिनेमा काढण्यासारखं आहे तरी काय, असं कुणी विचारलं असतं तर त्याचं काही चुकलं नसतं. ताईंच्या सख्ख्या भावाने अगदी असंच विचारलं होतं. वर पहिल्या खेळाची चार तिकिटं मिळतील का, तेही विचारलं होतं.

तर सगळा सिनेमा उभा होता तो एका कपावर.

ताईंची बैठक दिवसाढवळ्या भरायची, सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच. बायकोला वाटायचं नवरा कामावर गेलाय, कामावरच्यांना वाटायचं साहेब बँकेत गेलेत. आल्या आल्या, डोकं ठिकाणावर असताना, प्रत्येकाने आज जास्तीत जास्त किती घालवणार तो आकडा एका चिठ्ठीवर लिहायचा. ताई पूर्वी एका वाचनालयात कारकून होत्या. नोकरी सोडताना तिथला तारखेचा शिक्का त्यांनी गुपचूप पर्समध्ये टाकला होता. कुणी जुनी चिठ्ठी खपवू नये म्हणून प्रत्येक चिठ्ठीवर त्या दिवसाचा शिक्का बसायचा. मग चिठ्ठी बशीखाली, बशीवर चहाचा कप.

कोण किती हरला हे ताईंच्या डोक्यात पक्कं असायचं. एखाद्याने आपला आकडा गाठला की ताई उठायच्या, त्याचा कप बशीत पालथा घालायच्या, चिठ्ठी काढून त्याच्या तोंडासमोर फाडायच्या. संपला त्याचा खेळ. मग त्याने हात जोडले काय नि शिव्या घातल्या काय, त्याला त्या दिवशी पत्ता मिळायचा नाही. शहरातले बाकीचे अड्डे माणूस नागवा होईपर्यंत त्याला सोडायचे नाहीत. ताईंच्या इथे कपाचा धाक होता, म्हणून चार चांगल्या घरचे लोक यायचे.

आणि तरीही एका गुरुवारी चष्मेवाले बुडाले.

चष्म्याचं छोटं दुकान होतं त्यांचं. मितभाषी, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. बैठकीला आले की आधी ताईंचा चष्मा मागून घ्यायचे, वाकलेली दांडी बोटांनी सरळ करून द्यायचे आणि मग बसायचे. त्या गुरुवारी त्यांनी चिठ्ठीवर लिहिला त्याच्या तीसपट पैसा घालवला. दुकान त्यातच गेलं. शुक्रवारी सकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे कुलूप उघडलं, काउंटरच्या काचा पुसल्या, मागच्या खोलीत गेले आणि तिथेच त्यांनी स्वतःला संपवलं.

कोर्टात ताईंनी सांगितलं, "मी कप पालथा घातला होता, चिठ्ठीही फाडली होती. त्यांनीच तो स्वतःच्या हाताने सुलटा केला आणि म्हणाले, आज पत्ते वाटाच. मी तरी काय करणार?" बैठकीतले बाकीचे चौघे आम्ही त्या गावचेच नाही म्हणून मोकळे झाले होते, त्यामुळे ताईंना खोटं पाडणारं कुणी उरलं नव्हतं. वर्तमानपत्रांना ती गोष्ट भलतीच आवडली. त्यांनी ताईंचं नाव टाकून दिलं आणि पालथ्या कपाची बाई म्हणायला सुरुवात केली. तुरुंग, शेजाऱ्यांची तोंडं, भावजयीचे टोमणे, सगळं ताईंनी पचवलं ते या एका गोष्टीच्या जोरावर. जुगार चालवला असेल, पण नियमाने चालवला. बाकी त्यांच्याकडे आता होतं काय? एक दमा आणि दोन खोल्या.

ती गोष्ट खोटी होती.

त्या दिवशी पंपवाला टेबलावर होता. त्याचे अकरा पेट्रोल पंप होते, आणि विनोद अकरासुद्धा नसतील, तेच तेच सांगायचा. पण हरायला बसला की पैसा नळासारखा सोडायचा, आणि प्रत्येक डावातून ताईंचा वाटा, म्हणजे नाल, तेवढाच मोठा निघायचा. त्याची एकच अट होती. टेबलावर पाच डोकी हवीत, चार झाली की तो उठायचा. चष्मेवाल्यांनी दोन वाजता आपला आकडा गाठला तेव्हा टेबलावर बरोबर पाच डोकी होती.

ताईंनी फक्त उठायचं होतं, चार पावलं चालायचं होतं. हा डाव होऊ दे, मग घालते पालथा, असं त्या मनाशी म्हणाल्या. मग पुढचा होऊ दे. असं करता करता पाच वाजले. चष्मेवाल्यांनी स्वतःच बशी उचलली, खालची चिठ्ठी काढली, वाचली, चष्म्यावरून ताईंकडे एकदा बघितलं आणि चिठ्ठी खिशात घातली. "चहा गार झाला माझा, ताई," एवढंच म्हणाले आणि चपला घालून गेले.

ती चिठ्ठी पोलिसांना सापडेल म्हणून ताईंनी कितीतरी महिने धसका घेतला होता. ती सापडली नाही. पुढे ताईंनी ती खोटी गोष्ट इतक्यांदा सांगितली, की कप उचलताना बोटांना लागलेला गरमपणासुद्धा त्यांना आठवायला लागला.

आज त्याच दृश्याचं शूटिंग होतं, आणि आज चष्मेवाल्यांची मुलगी सेटवर येणार होती.

"वडिलांना पडद्यावर दाखवायच्या परवानगीवर तिची सही झाल्याशिवाय वकील आपल्याला हलू देत नाहीत," दिग्दर्शक म्हणाला. पोरगेलासा होता, दाढी मात्र ऋषीसारखी. "ती म्हणते, आधी दृश्य बघेन, मग सही. तुम्ही जरा बोला तिच्याशी. तुमचं ऐकेल."

"माझं कशाला ऐकेल ती?" ताई म्हणाल्या.

"तुम्हीच तर तिच्या वडिलांना थांबवलं होतंत ना!"

ताईंनी चष्मा काढून पदराने पुसला.

मुलगी अठ्ठाविसेक वर्षांची होती. तीही चष्म्याच्याच दुकानात होती, पण दुसऱ्याच्या, पगारावर. ताईंनी तिला शेवटची पाहिली तेव्हा ती शाळेच्या गणवेशात कोर्टाच्या बाकावर बसली होती. आता तिने ताईंसमोर खुर्ची ओढली, क्षणभर त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हात पुढे केला.

"चष्मा द्या. डावी दांडी वाकलीय."

ताईंनी मुकाट्याने काढून दिला. मुलीने पर्समधून बोटाएवढा पेचकस काढला, स्क्रू आवळला, दांडी दोन बोटांत धरून हळूच दाबली. अगदी बापासारखी.

"आई गेली गेल्या वर्षी," मुलगी काच पुसत म्हणाली. "शेवटपर्यंत तेच बोलत होती. परक्या बाईने थांबवलं, तरी हा माणूस थांबला नाही. आमची आठवणसुद्धा झाली नाही त्याला. बाबांचा फोटो तिने कधी घरात लावू दिला नाही, आणि मीही कधी हट्ट केला नाही. मलाही तसंच वाटायचं ना."

तिने चष्मा परत दिला. ताईंनी तो घातला. बऱ्याच दिवसांनी तो नाकावर सरळ बसला.

शूटिंग सुरू झालं. ताईंचं काम करणारी नटी उठली, टेबलाला वळसा घालून आली, चष्मेवाल्याचं काम करणाऱ्या नटाचा कप तिने अलगद उलटा ठेवला, चिठ्ठी फाडली आणि तुकडे मुठीत घेतले.

"असं नाही गं!" ताईंना राहवलं नाही. मूळ स्वभाव कुठे जाणार? वाचनालयात असतानाही एखादं पुस्तक चुकीच्या कप्प्यात दिसलं की त्यांना जेवण जायचं नाही. त्या तरातरा टेबलापाशी गेल्या. "कप ठेवताना आवाज आला पाहिजे. सगळ्यांना कळलं पाहिजे. मग चिठ्ठी काढायची आणि त्याच्या डोळ्यांसमोर धरायची. हा बघ तारखेचा शिक्का, तो त्याला दिसला पाहिजे. मग अशी मधोमध फाडायची. एक तुकडा त्याच्या हातात द्यायचा, एक आपल्याकडे. म्हणजे उद्या येऊन म्हणायला नको, मला कुणी अडवलंच नव्हतं."

"वा!" दिग्दर्शक म्हणाला. "हे तुम्ही आधी सांगितलंच नव्हतं."

"दरवेळी फाडायचात?"

हा आवाज मागून आला होता. मुलगी खुर्चीतून उठली होती.

"दरवेळी," ताई म्हणाल्या.

"आणि ज्याला थांबवलं नाही, त्याची चिठ्ठी?"

"ती अख्खी राहायची. जाताना तो घेऊन जायचा."

"बाबांची फाडली होतीत?"

नटी, नट, कॅमेरावाला, सगळे ताईंकडे बघत होते. "फाडली होती," ताई म्हणाल्या. "या हातांनी."

मुलीने पर्समधून चष्म्याची एक जुनी डबी काढली. उघडली. आत चष्मा नव्हता, घडी घातलेला कागद होता. तिने तो हिरव्या कापडावर उलगडून ठेवला. वर आकडा, चष्म्याचा नंबर लिहावा तसा बारीक आणि सरळ. खाली वाचनालयाचा गोल शिक्का, आत तारीख. एका बाजूला बशीच्या ओल्या कडेचा तपकिरी डाग. कागद कुठे कोपऱ्यातही फाटलेला नव्हता.

"दुकान रिकामं करताना मिळाली होती," ती म्हणाली. "बारा वर्षं मला कळलं नाही ही कसली. वाटायचं, वाचनालयाचं पुस्तक राहिलं असेल द्यायचं. तुमच्या वाचनालयात मी जाऊनही आले होते विचारायला. सहीसाठी आलेल्या कागदांत शिक्क्याचं वाचलं, तेव्हा कुठे संशय आला."

ताईंच्या जिभेवर थापा तयार होत्या, एक सोडून तीन. चुकून दोन चिठ्ठ्या लिहिल्या असतील. शिक्क्याची तारीख बदलायची राहिली असेल. फाडली ती दुसरीच असेल. कोर्टात त्यांनी याहून अवघड प्रश्न परतवले होते, आणि ही पोरगी तर वकीलही नव्हती. दिग्दर्शकाचाही चेहरा म्हणत होता, सांगा ना काहीतरी. त्यांनी चिठ्ठीकडे पाहिलं. शिक्क्यातला प्रत्येक आकडा स्वच्छ दिसत होता. हा कागद खिशात ठेवून तो माणूस घरी गेला होता, आणि पोलिसांकडे जायच्या ऐवजी त्याने तो डबीत बंद करून ठेवला होता. त्यांना भयंकर लाज वाटली.

"नाही घातला मी कप पालथा," ताई म्हणाल्या. "त्यांनी सुलटाही केला नाही. त्यांनी कपाला हातच लावला नव्हता. माझी वाट बघत होते ते."

"का नाही घातलात?"

"टेबलावर पाचवं माणूस हवं होतं."

मुलीने चिठ्ठीची पुन्हा घडी घातली, डबीत ठेवली, डबी दोन्ही हातांत धरली. बाबा, एवढंच ती पुटपुटली, तेही ताईंना नाही.

दिग्दर्शक दाढी खाजवत उभा होता. वाईट तर त्यालाही वाटलं असणार, पण शेवटी धंदा तो धंदा. "हे तर..." तो हळूच कॅमेरावाल्याला म्हणाला, "हे तर त्याहून जबरदस्त आहे."

"मी सही करीन," मुलगी म्हणाली. "पण जसं झालं तसं दाखवा. आणि आत्ता, माझ्यासमोर."

पुन्हा सगळे जागेवर गेले. सामानवाल्याने कप सुलटा केला, चिठ्ठी बशीखाली सरकवली, गार चहा ओतला. नटी ताईंच्या खुर्चीवर जाऊन बसली आणि गोंधळून म्हणाली, "म्हणजे आता मी करायचं काय?"

"काही नाही," ताई म्हणाल्या. "उठायचं नाही."

"पण काहीतरी करत असाल ना तुम्ही? ते तुमच्याकडे बघतायत. तुमचे हात कुठे होते?"

"मांडीवर."

"आणि चेहरा? रडवेला? घाबरलेला?"

ताईंनी मुलीकडे पाहिलं. ती डबी छातीशी धरून, पापणी न हलवता उभी होती. आता हेही सांगायचं राहिलं होतं.

"हसत होते मी," ताई म्हणाल्या. "पंपवाल्याने विनोद सांगितला होता. तो उठून जाऊ नये म्हणून त्याच्या विनोदाला हसावं लागायचं."

दिग्दर्शकाने खूण केली. नटाने चष्म्यावरून नजर उचलली आणि थंडगार चहाच्या पलीकडे नटीकडे पाहिलं. नटी हसली, जरा कसनुशी, अपराधी माणसासारखी.

"असं नाही गं," ताई म्हणाल्या. "मी याहून पुष्कळ मोठ्याने हसले होते."