दुसरा चौकोन

इथल्या औषधांच्या लेबलवर खाली दोन छोटे चौकोन असतात. पहिल्यात औषध भरणाऱ्याची सही, दुसऱ्यात तपासणाऱ्याची. ही दोन माणसं वेगळी हवीत आणि तपासणाऱ्याकडे इथला परवाना हवा. माझ्याकडे परवाना होता, पण मायदेशातला, पंधरा वर्षं जुना. इथे त्याला कुत्रंही विचारत नाही. कायद्याची परीक्षा झाली, भाषेची झाली, आता एका फार्मासिस्टच्या हाताखाली एक हजार तास भरायचे होते. नऊशे चौसष्ट भरले होते. आणखी छत्तीस भरले की परवाना, आणि परवाना मिळाला की नवरा आणि चिमणी इकडे येणार. चिमणी म्हणजे माझी लेक, नऊ वर्षांची.

दादा, ज्याच्याकडे मी राहत होते, तो रोज जेवताना मला नवी नोकरी सुचवायचा. "हॉस्पिटलात मदतनीस हो. नाहीतर औषध कंपनीत कागदपत्रं तपासायला जा. हा हट्ट कशाला?"

मदतनिसाच्या व्हिसावर लेक आणता येत नाही, हे मी त्याला दहादा सांगितलं होतं. पण दादा ऐकेल तर शपथ.

दुकानातले सर सत्तरीचे. मागच्या टेबलावर बसून ते तपासायचे, मी पुढे भरायचे. औषध भरायचं, लेबल लावायचं, पहिल्या चौकोनात दोरीला बांधलेल्या काळ्या पेनने सही करायची आणि टोपली सरांपुढे ठेवायची. मायदेशी माझ्या दुकानात भरणारी मीच आणि तपासणारीही मीच. इथे पंधरा वर्षांचा अनुभव गिळून निम्मं काम करताना सुरुवातीला तळपायाची आग मस्तकात जायची.

एका मंगळवारी दुपारी सर फोनवर होते. मी टोपली तयार केली, पिशवी आणायला वळले, परत पाहिलं तर दुसऱ्या चौकोनात सही. आधी वाटलं, सरांनी केली असेल. मग ती हिरवी दिसली, आणि खाली दोन टिंबं.

हिरव्या शाईने, खाली दोन टिंबं देऊन सही मीच करते. म्हणजे करायचे, घरी. इथे दुकानात हिरवा पेन नव्हता. माझा मी निघताना चिमणीला देऊन आले होते.

माझ्या अंगावर काटा आला, पण त्याहून आधी परवाना आठवला. परवान्याशिवाय दुसऱ्या चौकोनात सही म्हणजे खोटी तपासणी. भरलेले सगळे तास रद्द. मी लेबल सोलून काढलं, मजकूर पुन्हा टाइप करून नवं छापलं, चिकटवलं आणि टोपली सरांपुढे ठेवली. सोललेलं लेबल कचऱ्यात टाकायचीही भीती वाटली, म्हणून ते माझ्या वहीत मागच्या पानावर चिकटवलं.

त्यानंतर ते रोज होऊ लागलं. सर समोर असले की काही नाही. ते आत गेले आणि माझी पाठ वळली की हिरवी सही. एकदा मी टोपलीकडे टक लावून बसले, तर काहीच झालं नाही. मग एक शिंक आली. डोळे उघडले तेव्हा शाई ओली होती. टोपली सरांपुढे ठेवायला उशीर झाला की नव्या लेबलवरही पुन्हा यायची, आणि मी पुन्हा सोलायचे. वहीत अठरा जणांची लेबलं झाली. मला माझ्याच हातांची भीती वाटायला लागली होती. रविवारी फोनवर चिमणीला सहज विचारलं, "माझा पेन वापरतेस का गं?"

"नाही. कंपासमध्ये ठेवलाय. पण आई, त्याची शाई कमी होतेय."

मी विषय बदलला.

शेवटच्या आठवड्यात एक आजी सांध्यांच्या गोळ्या न्यायला आल्या. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतली तर माणूस हातचा जातो. मी टोपली तयार केली, वळले, हिरवी सही आलीच. सोललं, पुन्हा टाइप केलं, छापलं, चिकटवलं. मुद्दाम मागे वळले आणि परत पाहिलं. दुसरा चौकोन कोरा. थोडं थांबून पुन्हा वळून पाहिलं. तरी कोराच. सुटले एकदाची, असं मला वाटलं.

टोपली सरांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "तुझं काय तपासायचं," म्हणाले आणि पेन टेकवला.

"थांबा सर."

का थांबवलं, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. तो कोरा चौकोन बघवेना, एवढंच. मी वही उघडली आणि नुकतंच सोललेलं लेबल टोपलीतल्या लेबलशेजारी धरलं. जुन्यावर लिहिलं होतं, आठवड्यातून एक. नव्यावर, रोज एक. औषधाचं नाव टाकलं की आमचं मशीन आपोआप "रोज एक" घालतं, ते खोडून खरं लिहावं लागतं. घाईघाईत मी खोडलंच नव्हतं. म्हणूनच हिरवी सही आली नव्हती.

आजी काउंटरपाशी पर्समधला रुमाल घडी करत उभ्या होत्या.

सर हळूच म्हणाले, "बदल आणि विसरून जा. अकरा तास राहिलेत तुझे."

मी बदललं. आजी गोळ्या घेऊन गेल्या. पण मला विसरता येईना, कारण वहीत आणखी अठरा होती. ती सगळीही मी अशीच घाईत पुन्हा छापली होती. कोण जाणे त्यातली किती "रोज एक" होऊन घरोघरी गेली असतील. ते शोधायचं तर वही सरांना दाखवावी लागणार, आणि वही दाखवली की चिमणी लांबणार. मी पाच मिनिटं मोरीत नळ सोडून रडले. मग वही त्यांच्यापुढे ठेवली.

त्यांनी पानं उलटली. "ही हिरवी सही कोणाची?"

"माझी."

खोटं नव्हतंच ते. त्यांनी फोन ओढून घेतला. आम्ही अठरा घरी फोन केले. सतरा बरोबर निघाली. अठराव्या घरी एका सुतारकाकांनी तीच सांध्यांची गोळी तीन दिवस रोज घेतली होती. तोंड आलंय, म्हणाले. सरांनी त्यांना तिथूनच हॉस्पिटलात पाठवलं. ते वाचले.

परवाना मंडळाचं पत्र पंधरा दिवसांत आलं. सगळे तास रद्द, पहिल्यापासून सुरू करावेत. दादाने पत्र वाचलं आणि पहिल्यांदाच काही सुचवलं नाही. सर म्हणाले, "सोमवारपासून ये. या वेळी मी खरंच तपासेन."

चिमणीला सांगणं मी दोन दिवस टाळलं. शेवटी म्हटलं, "अजून एक वर्ष लागेल गं."

ती रडत असावी, पण मला कळू दिलं नाही. मग म्हणाली, "आई, तुझा पेन संपला. मी एकदाही उघडला नाही, खरंच."

"माहितीये मला."

"नवीन रिफिल घालू का?"

मी डोळे पुसले.

"घाल," म्हटलं. "हिरवीच घाल."