सकाळचे बाबा

अल्बममधलं शेवटचं गाणं संपलं आणि तिने डोळे पुसले. बाबांनी उभा जन्म दुसऱ्यांच्या मागे बसून ड्रम वाजवले. त्यांच्या स्वतःच्या नावाचा हा पहिलाच स्विंग जॅझचा अल्बम, आणि तो हातात घ्यायला तेच उरले नव्हते. आता लेकीने होकार दिला की तो छापायला जाणार होता.

“या गाण्याचा मधला तुकडा काय सुरेख झालाय!” ती म्हणाली.

स्टुडिओतला रेकॉर्डिस्ट खूश झाला. बाबांचे जुने साथीदार, बास वाजवणारे काका, मात्र खुर्चीत चुळबुळले.

“पोरी, ते बाबा नाहीत. म्हणजे आहेत, पण सकाळचे.”

“सकाळचे?”

“दुपारी हे गाणं वाजवताना म्हातारा इथे मध्येच थांबला. ड्रमच्या काठ्या मांडीवर ठेवून बसला. आम्ही आपले वाजवतोय. मग आला परत ठेक्यावर, जसं काही झालंच नाही. या शहाण्याने सकाळी रेकॉर्ड झालेल्या गाण्यातले ठोके आणून तिथे चिकटवले.”

“भगदाड पडलं होतं हो,” रेकॉर्डिस्ट ओशाळला. “लोक म्हणाले असते, हात चालेनासे झाले.”

“हॅट्! पियानो ऐकू यावा म्हणून थांबला तो.”

“तसं म्हणाले तुम्हाला?” तिने विचारलं.

“तो कधी काही पुरतं म्हणायचा का?”

खरं होतं. जेवताना बाबा वाक्य अर्ध्यावर सोडायचे. आई ते पुरं करायची आणि बाबा हसून मान डोलवायचे. आई गेल्यावर ते काम तिच्याकडे आलं. शेवटच्या वर्षात मान डोलेनाशी झाली, तरी ती वाक्यं पुरी करतच राहिली. खोड कुठे संपली आणि आजार कुठे सुरू झाला, काही केल्या तिला उमगत नव्हतं.

“मुळातलं लावा,” ती म्हणाली.

ड्रम थांबले. पियानो क्षणभर गडबडला, मग बासचं बोट धरून चालू लागला. तिने कान टवकारून ऐकलं. थकवा होता की खुशी, त्या रिकाम्या जागेतून काहीच कळेना.

“हेच ठेवा.”

“बघ! मुद्दामच थांबला होता की नाही?” काका खुलले.

“मला नाही माहीत, काका. पुन्हा लावा.”

ती जागा आली तशी तिची बोटं आपसूक टेबलावर ठेका धरायला गेली. तिने हात मागे घेतला, मांडीवर ठेवला आणि पियानो ऐकत राहिली.