ओट्यावरचं हिरवं

माझे भासरे शेषराव, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, अंगणात पिकअपला नवं रेडिएटर बसवत होते. जुन्यातलं कूलंट, इंजिन थंड ठेवायचं ते रंगीत पाणी, त्यांनी फेकलं नाही. फडक्यानं गाळून कोल्ड्रिंकच्या दोन बाटल्यांत भरलं आणि ओट्यावर ठेवलं. हिरवंगार. माझा प्रज्वल तीन वर्षांचा. तो बाटल्यांकडे पाहत होता, मी त्याच्याकडे.

आमच्यात सून भासऱ्यांशी बोलत नाही. म्हणून मी सासूबाईंना म्हटलं, "आई, त्यायले म्हना, त्या वर ठेवा. ते गोड लागते. पोटात गेलं तर किडन्या जातात."

भासऱ्यांनी क्लिप आवळता आवळताच ऐकलं. "आई, इचार तिले, रेडिएटरबी आता तीच बसवते का? कालेजात शिकली ना!"

सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. मी बाटल्या उचलून फळीवर ठेवल्या. भासऱ्यांनी त्या परत ओट्यावर आणल्या.

मग ते हात धुवायला आत गेले. आले ते तसलीच हिरवी बाटली घेऊन. प्रज्वलला मांडीवर घेतलं, बूच काढलं.

"पी बे. तुह्या मायले पाहू दे."

त्यानं तोंड लावलं. दोन घोट गेले. मी धावले, भासऱ्यांचं मनगट धरून बाटली हिसकली, थेट त्यांच्या तोंडावर ओरडले, "सोडा त्याले!" पोराच्या घशात बोटं घातली. तो गुदमरला, ओकला. माझ्या नखानं टाळू सोलली गेली, ओकारीत रक्त दिसलं.

भासरे पोट धरून हसत होते. "आई, सांग इले, खसचं सरबत होतं म्हना."

सासूबाईंचं हसू मात्र थांबलं होतं. "भासऱ्याच्या हाताले हात लावला? लाज सोडली का वो तुनं?"

प्रज्वल माझ्याकडे येईना. भासऱ्यांच्या गळ्याला बिलगून हुंदके देत होता. तसाच हात लांबवून त्यानं ओट्यावरच्या बाटल्या दाखवल्या.

"मोठेबाबा, मले ते हिरवं द्या."

मी दोन्ही बाटल्या उचलल्या आणि न्हाणीच्या खड्ड्यात उपड्या केल्या.

आता भासरेही हसायचे थांबले. "आई, येडी झाली हे. पोराले हिच्यापासून दूर ठेव."

सासूबाईंनी प्रज्वलला उचललं, आत नेलं, आतून कडी लावली. मी दार वाजवत राहिले. आत तो आजीला सांगत होता, हिरवं लय गोड लागते.