सोबतीला रूपराव

आनंदाबाईंनी दोन धुतलेले पायजमे बॅगेत ठेवले. रूपरावांनी ते काढून पुन्हा खाटेवर ठेवले. आनंदाबाईंनी ते परत आत घातले, वर टॉवेल दाबला आणि या खेपेला बॅगेची चेन ओढून घेतली.

"मी जात नाई म्हनलं ना," रूपराव म्हणाले. "तूर उभी हाय वावरात."

"तुरीच्या सवंगनीले बाया सांगून ठेवल्या मी."

"समुद्र काय पाह्यचा? पानीच तं हाय."

"पोरगी एवढ्या दूर एकटी जाईन का?"

रूपाली दाराशी चहाचा कप घेऊन उभी होती. पोरगी चौतीस वर्षांची होती, देवळीच्या कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवत होती आणि पुण्या-मुंबईला कितीदा तरी एकटी जाऊन आली होती. ती हे म्हणणारही होती. पण आईनं तिच्याकडे असं पाहिलं की तिनं नुसता चहाचा घोट घेतला.

कोकणातल्या एका बंदरावर तीन दिवसांचा दर्या महोत्सव भरणार होता. तिथं समुद्रावरच्याच कथा, समुद्रावरच्याच कविता, समुद्राचीच चित्रं. रूपालीनं वर्षभरापूर्वी एक कथा लिहिली होती, नवऱ्याची होडी परत येण्याची वाट पाहणाऱ्या एका कोळणीची. ती महोत्सवात वाचायला निवडली गेली होती. स्टाफरूममध्ये लोक हसले होते. वर्ध्याची बाई, धाम नदीच्या पलीकडे पाणी पाहिलं नाही, आणि लिहिते समुद्रावर. रूपालीही त्यांच्याबरोबर हसली होती. तिनं समुद्र पाहिला होता तो मुंबईत, दोनदा, मिळून तासभर.

नवरा अंकुश सोबत येणार होता. पण त्याला सेलूच्या तहसीलमध्ये निवडणुकीचं प्रशिक्षण लागलं, आणि रूपाली ते सांगायला माहेरी नाचणगावला आली तशी आनंदाबाईंनी बसल्या जागी ठरवून टाकलं की सोबतीला रूपराव जातील. नवऱ्याकडे कधी कशाचा हट्ट न धरणारी ही बाई त्या दिवशी अडून बसली. रूपालीला जरा नवल वाटलं. मग तिकिटाच्या धावपळीत ती ते विसरली.

गाडीत रूपरावांनी घरच्या भाकरी खाल्ल्या, हात धुतले आणि दाढीचे खुंट चोळत बसून राहिले. दुसऱ्या दिवशी एसटी घाट उतरू लागली तेव्हा मात्र त्यांनी खिडकीची काच पूर्ण सरकवली. जानेवारीचा गार वारा आत आला. मागच्या बाईनं तक्रार केली म्हणून रूपालीनं काच ओढून घेतली. थोड्या वेळानं पाहते तर ती पुन्हा उघडी होती आणि रूपराव डोळे मिटून बाहेर तोंड करून बसले होते.

महोत्सवाचा मांडव वाळूवरच होता. दोन्ही बाजूंना चित्रं लावलेली. शिडाच्या कापडावर रंगवलेल्या लाटा, गंजलेले नांगर, माशांचे डोळे. प्रवेशाशी एक मोठं जाळं ताणून टांगलं होतं आणि त्याच्या भोकाभोकांत कवितांच्या चिठ्ठ्या खोवलेल्या होत्या. लोक जाळ्यासमोर उभं राहून फोटो काढत होते. रूपरावांनी जाळ्याची कड चिमटीत धरली, वर पाहिलं, खाली पाहिलं.

"उलटं टांगलं," ते म्हणाले.

"काय?"

"शिशाच्या गोळ्या वर, तरंगनारे गोळे खाली. पान्यात टाकलं तं गुंडाळून बसन."

रूपाली हसली. बाबा शेतकरी होते, वस्तू कशी वागते ते त्यांना बघून कळायचं. मोटारपंप असो की शिलाई मशीन, त्यांनी कड धरून पाहिली की दोष सांगत. तिनं एवढाच अर्थ घेतला.

तिचं वाचन चार वाजता होतं. रूपराव तिसऱ्या रांगेत बसले, हात मांडीवर, टोपी गुडघ्यावर. रूपालीच्या मनात होतं की बाबांनी आपलं काही तरी एकदा ऐकावं. कॉलेजातल्या कुणी वाचलं, मासिकांनी छापलं, ते वेगळं. घरात तिच्या लिहिण्याला कोणी वाईट म्हटलं नव्हतं, पण कोणी वाचलंही नव्हतं, निदान तिच्या माहितीत. माईकमध्ये वारा घुसून फडफडत होता. ती सावकाश वाचू लागली. कोळीण किनाऱ्यावर येते, ओट्यावर बसते, पाण्याकडे न पाहता वाळत घातलेल्या सुक्या मासळीकडे पाहत राहते. दुसरं पान उलटताना रूपालीनं मान वर केली. तिसऱ्या रांगेतली खुर्ची रिकामी होती.

तिनं पुढचं सगळं नीट वाचलं. एकदाच एका ओळीवर अडखळली.

वाचन झाल्यावर एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत जवळ आले. याच गावातल्या शाळेत ते मास्तर होते.

"बाई, एक विचारू? तुमच्या कथेत आगोट शब्द आहे. पावसाळा तोंडावर येतो, होड्या वर ओढतात, घरात भरून ठेवतात, ती आगोट. बरोबर जागी वापरलाय. तुमच्या वर्ध्याकडं बोलतात हा शब्द?"

"गावात नाही बोलत कोणी. माझे वडील बोलतात. मे संपला की म्हणतात, आगोट लागली, तुराट्या आत घ्या."

"मूळचे इकडचे का ते?"

"नाही. नाचणगावचेच."

"मग आले असतील कधी इकडं," मास्तर म्हणाले. "आमच्या किनाऱ्याचा शब्द आहे तो. हवेतून नाही जायचा तिकडं."

रूपालीनं हातातले कागद घडी करून पर्समध्ये घातले. बाबा तरुणपणी चार वर्षं घराबाहेर होते, हे तिला माहीत होतं. गावालाही माहीत होतं. मुंबईला मिलमध्ये होते, संपात मिल बंद पडली आणि परत आले. त्याच सुमारास थोरले काका विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेले, म्हणून मग शेत बाबांनी धरलं. ही गोष्ट इतकी सरळ होती की तिच्यात कोणी कधी काही विचारलं नव्हतं.

ती वाळूवरून जेट्टीकडे चालत गेली. ट्रॉलर एकमेकांना खेटून उभे होते. डिझेलचा आणि मासळीचा वास होता. जेट्टीच्या टोकाशी निळ्या ताडपत्रीच्या सावलीत चार-पाच माणसं जाळी दुरुस्त करत बसली होती. त्यांत एकाची टोपी पांढरी होती.

रूपराव मांडी घालून बसले होते. जाळं पायाच्या अंगठ्यात ताणून धरलं होतं आणि उजव्या हातातली सुई आत, बाहेर, फास, ओढ, अशी चालली होती. रूपालीनं त्यांचे हात कापूस वेचताना, बैल जुंपताना, औषध फवारताना पाहिले होते. हे हात तिच्या ओळखीचे नव्हते. ते इतके भरभर चालत होते की शेजारचा तरुण आपलं काम थांबवून बघत होता.

"तुझी पोरगी ना ही?" शेजारी बसलेला एक काळाकुळकुळीत म्हातारा म्हणाला. त्याला दात नव्हते. "तोंडावरनं कळतं. बस गो. मी दामू. चार वर्षं माझ्या बापाच्या होडीवर होता हा. आम्ही रूप्या वर्धेकर म्हणायचो. पहिला महिनाभर नुसता ओकायचा. मग असा टिकला की बापूस म्हणायचा, ह्याला पुढं तांडेल करू, होडी ह्याच्या हाती देऊ."

सुई चालत राहिली.

"बाबा, तुमी तं मुंबईले होते ना? मिलमधी?"

"दीड महिना होतो."

"मंग सांगतलं काऊन नाई कधी?"

रूपरावांनी गाठ ओढली, दातांनी दोरा तोडला.

"ईचारलं कोनं?" ते म्हणाले. मग सुईत दोरा भरत म्हणाले, "तुयी गोष्ट आयकत होतो मी. चांगली हाय. पन मांगून बोटीच्या इंजिनचा आवाज आला. मंग बसून नाई झालं."

दामू हसला. "पहाटे साडेचारला सुटतोय आम्ही. आठपर्यंत परत. येतोस?"

"नाई. सकायची गाडी हाय आमची."

"दहाची एसटी आहे," रूपाली म्हणाली. तिला वाटलं, तिचं बोलणं बाबांना ऐकूच गेलं नाही; कारण ते दुसरं भोक शोधत होते.

सकाळी ती उठली तेव्हा निवासाच्या खोलीतली दुसरी खाट रिकामी होती. चादर घडी करून उशाशी ठेवलेली. बॅग भिंतीशी होती. साडेसहा वाजले होते आणि फोन वाजत होता.

"उठली का?" आनंदाबाई म्हणाल्या.

"हो."

"थे कुठं हायेत?"

"बाहेर गेले असतीन."

मग आनंदाबाईंनी विचारलं, "बोटीवर गेले का?"

रूपाली खाटेवर बसली. "तुले माहीत होतं?"

"लगनाच्या पयल्या वर्सी सांगतलं होतं त्याइनं. रोज सांगत. जेवता जेवता समुद्र, झोपता झोपता समुद्र. अन् सांगतानी तोंड असं होये त्याइचं, का मले वाटे हा मानूस हितं नाईच. एक दिवस मीच म्हनलं, या घरात त्याचं नाव काढाचं नाई. तवापासून नाई काढलं."

"चाळीस वर्सं?"

"मले का माहीत, एवढं आयकतीन म्हून."

आईच्या मागं अंगणात कुणीतरी झाडत होतं. त्याचा आवाज फोनमध्ये येत होता.

"तू गोष्ट लिहिली ना समुद्राची," आनंदाबाई पुढं म्हणाल्या, "अंकुशनं वाचून दाखोली होती मले, मांगच्या दिवायीत. थे आतल्या खोलीत होते. मी पाह्यलं, तं भिंतीले कान लावून उभे. मंग मले लय वाईट वाटलं. अन् तुनं बंदराचं नाव सांगतलं, तं थे त्याइचंच निंगालं." मग त्यांनी विचारलं, "परत येतो म्हनले का?"

"असं काय ईचारतं, आई? बॅग हितंच हाय त्याइची."

"बॅग तं मी भरली होती," आनंदाबाई म्हणाल्या.

रूपालीनं आंघोळ केली, आपलं सामान आवरलं. साडेआठ झाले. ती खाली जाऊन फाटकाशी उभी राहिली. महोत्सवाची माणसं नाश्त्याला चालली होती; त्यांतल्या एकीनं कालच्या कथेचं कौतुक केलं आणि रूपालीनं आभार मानले. नऊ वाजले. जेट्टीवर जावं असं तिला दोनदा वाटलं आणि दोनदा ती फाटकापासून परत फिरली. साठी उलटलेल्या माणसाला शोधायला मुलीनं जाणं तिला बरं वाटेना.

सव्वानऊला रूपराव रस्त्याच्या वळणावर दिसले. पायजमा गुडघ्यापर्यंत ओला होता आणि बाहीला खवले चिकटलेले होते. ते नेहमीच्याच चालीनं येत होते.

"आंघोय करतो अन् निंगू," ते म्हणाले.

"आईचा फोन आला होता."

"काय म्हने?"

"काई नाई. ईचारत होती."

रूपरावांनी मान हलवली आणि जिना चढले.

एसटी घाट चढू लागली. मग रूपालीनं विचारलं, "कसं वाटलं?"

"आता इंजिनं मोठे झाले. आवाज लय होते." त्यांनी खिडकीची काच सरकवली. "दामू म्हने, राह्य आठ दिवस. त्याच्या घरी खोली हाय."

"मंग?"

"तवा भाऊ गेला म्हून यावंच लागलं होतं मले," रूपराव म्हणाले. "तार आली होती. आज कोनाची तार नोती."

मुंबईला गाडी बदलली, रात्र गेली, आणि दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास गाडी पुलगावला थांबली.

रूपराव आधी उतरले, मग त्यांनी मुलीच्या हातातली बॅग घेतली. फलाटावर, नळाजवळच्या बाकड्यावर आनंदाबाई बसल्या होत्या. नाचणगाव इथून हाकेच्या अंतरावर, पण त्या कधी कुणाला घ्यायला स्टेशनवर आल्याचं रूपालीला आठवत नव्हतं. त्या उठल्या नाहीत. नवरा जवळ येईपर्यंत नुसत्या पाहत राहिल्या, पायांपासून तोंडापर्यंत, एखादी वस्तू धड आहे ना हे पाहावं तशा.

"तूर निंगाली?" रूपरावांनी विचारलं.

"निंगाली."

गाडी सुटली. तिचे डबे संपेपर्यंत कुणालाच बोलता आलं नसतं. शेवटचा डबा गेला आणि फलाट एकदम मोकळा झाला, तेव्हा आनंदाबाईंनी पदर सारखा केला.

"कसा होता समुद्र?" त्यांनी विचारलं.

रूपराव बॅग हातात धरून उभे होते. त्यांनी एकदा बायकोकडे पाहिलं, मग बॅग खाली ठेवली आणि तिच्या शेजारी बाकड्यावर बसले. बाहेरून ऑटोवाला नाचणगाव, नाचणगाव म्हणून ओरडत होता. रूपालीनं दोन्ही बॅगा उचलल्या आणि ती एकटीच पुढं चालू लागली.

"पहाटं पानी दिसतच नाई," मागं रूपराव सांगू लागले होते. "नुसतं आयकू येते."